काकांच्या मूर्ती, राजाराम बंधारा आणि आर
पावसाळ्यात कोल्हापुरात सकाळी उठलं की पहिला प्रश्न एकच, पंचगंगा नदीवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी किती. 39 फुटाला इशारा आणि 43 ला धोका हे इथल्या शाळेतल्या पोरांनापण पाठ असतं, आणि जुनी माणसं तर शिवाजी पुलावर जाऊन बघून येतात आणि मच्छिंद्री झाली का नाही, म्हणजे पाणी पुलाच्या ठरलेल्या खुणेला टेकलं का नाही, एवढंच सांगतात. मी कॉलेजला स्टॅटिस्टिक्स शिकवतो, पण ही पातळी आपण स्वतः आधी काढून बघावी असं मला 2019 पर्यंत कधी सुचलं नव्हतं.

2019 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ हायवे बंद, पेट्रोल नाही, दूध नाही, ते सगळं तुम्हाला माहितीच आहे. माझ्या मित्राचे वडील गणपती करतात, आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणतो. गणपती 2 सप्टेंबरला होते म्हणजे ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मूर्ती जवळजवळ तयार, आणि त्याच आठवड्यात कारखान्यात पाणी शिरलं. कच्च्या शाडूला पाणी लागलं की ती परत माती होते. पाणी उतरल्यावर आम्ही आत गेलो तेव्हा फळ्यांवर नुसता चिखल होता आणि त्या चिखलात एका मूर्तीचा फक्त हात शाबूत राहिलेला, तो काका बराच वेळ धरून बसले होते. दोन दिवस आधी कुणी ठामपणे सांगितलं असतं तर सगळं वरच्या हॉलमध्ये गेलं असतं, हे तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाही.

म्हणून मी आर घेऊन बसलो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आर ही आकडेशास्त्रासाठीच बनवलेली भाषा आहे, न्यूझीलंडच्या ऑकलंड युनिव्हर्सिटीत रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन या दोघांनी सुरू केली, दोघांच्या नावाचं पहिलं अक्षर आर म्हणून नाव आर. 1995 पासून ती जीएनयू लायसन्सखाली सगळ्यांना खुली आहे आणि पहिलं पक्कं व्हर्जन 29 फेब्रुवारी 2000 ला आलं. पैसे लागत नाहीत हे तर आहेच, पण मला जास्त मोलाचं वाटतं ते म्हणजे एलएम असं फंक्शनचं नुसतं नाव कंस न लावता टाइप करून एंटर मारलं की त्या फंक्शनचा अख्खा कोड समोर येतो. पोरांना वर्गात मी हे पहिल्या दिवशी दाखवतो. ज्या गणितावर कुणाचं वर्षभराचं काम अवलंबून असणार ते गणित उघडं पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

आता आकडे. बंधाऱ्याची रोजची पातळी, गगनबावडा, राधानगरी, पन्हाळा, शाहूवाडी अशा तालुक्यांचा पाऊस आणि राधानगरी धरणाचे किती दरवाजे उघडे ते. हा शेवटचा आकडा लय महत्त्वाचा. राधानगरीचे 7 दरवाजे स्वयंचलित आहेत, धरण भरलं की ते आपोआप उघडतात, आणि एका दरवाज्यातून 1428 क्युसेक पाणी भोगावती नदीत आणि तिथून पंचगंगेत येतं. म्हणजे पाऊस थोडा वाढला म्हणून पाणी थोडं वाढलं असं सरळ गणित इथं चालत नाही, धरण भरलेलं नसताना तेवढाच पाऊस धरणात मुरतो आणि भरल्यावर तोच पाऊस थेट आपल्या दारात येतो. शिवाय कासारी, कुंभी, तुळशी या नद्यांचं पाणी वेगळं. कुठल्या तालुक्याचा पाऊस बंधाऱ्यावर किती वेळाने दिसतो ते मी अंदाजाने न धरता सीसीएफ नावाच्या फंक्शनने काढलं, ते एक रांग दुसरीच्या मागेपुढे सरकवून कुठं जास्त जुळतंय ते दाखवतं. आठवडाभर मी त्या आलेखांतच होतो.

पहिली मोठी चूक माझीच. पातळी फूट आणि इंचात असते, 41 फूट 9 इंच, आणि मी फाइलमध्ये भरताना 41.9 असं भरत गेलो. मग 41 फूट 10 इंच झालं 41.10, आणि कॉम्प्युटरच्या हिशेबी 41.10 म्हणजे 41.9 पेक्षा कमी! पाणी एक इंच चढलं तर मॉडेलला, म्हणजे जुन्या आकड्यांवरून शिकून पुढचा अंदाज सांगणाऱ्या गणिताला, दिसतंय की पाऊण फुटापेक्षा जास्त उतरलं. हे मला सापडलंच नाही, इचलकरंजीतल्या एका मित्राला स्क्रिप्ट आणि फाइल दोन्ही पाठवली होती, त्याने आपल्या लॅपटॉपवर चालवली आणि रात्री अकराला फोन केला की अरे नदी चढताना मधेच अशी खाली कशी पडतेय. इंचाला 12 ने भागून सगळी फाइल परत केली.

दुसरी चूक जास्त शिकवणारी होती. मी रँडम फॉरेस्ट लावलं, म्हणजे हो-नाही अशा प्रश्नांनी फांद्या फुटत जाणारे शेकडो निर्णयवृक्ष बनवून त्यांच्या उत्तरांची सरासरी, 2001 ला लिओ ब्रायमन यांनी मांडलेली पद्धत. तपासायला चिठ्ठ्या टाकल्यासारखे काही दिवस बाजूला काढले आणि बाकीच्यांवर मॉडेल शिकवलं. निकाल इतका सुंदर आला की मी मित्राला लगेच सांगायला निघालो होतो. मग लक्षात आलं, 5 ऑगस्टची आणि 7 ऑगस्टची पातळी मॉडेलने बघितलेली असेल तर 6 ऑगस्टची कुणीही सांगेल, त्यात भविष्य कसलं? खऱ्या आयुष्यात उद्याचा दिवस कुणी बघितलेला नसतो. त्यामुळे नदीसारख्या गोष्टीत अख्खं वर्ष बाजूला ठेवायचं. 2018 पर्यंतचे आकडे शिकवले, 2019 झाकून ठेवलं आणि परत चालवलं.

आणि मॉडेल 2019 ला पार खाली राहिलं. प्रत्यक्षात पाणी चढतंय चढतंय आणि मॉडेलची रेघ एका उंचीला जाऊन आडवी. याचं कारण कोडमध्येच आहे, झाड जे उत्तर देतं ते त्याच्या फांदीत पडलेल्या जुन्या दिवसांची सरासरी असते, त्यामुळे आजवर बघितलेल्या सगळ्यात मोठ्या आकड्याच्या वर ते जाऊच शकत नाही. ज्याने 55 फूट कधी बघितलं नाही ते 55 फूट कधीच सांगणार नाही. ज्या दिवशी गरज आहे नेमका त्याच दिवशी गप्प बसणारं मॉडेल! हे समजलं तेव्हा मला खरंच भीती वाटली, कारण ते मॉडेल मी जवळजवळ काकांच्या हातात दिलं होतं.

मग पातळीचा नाद सोडला आणि पुढच्या 48 तासांत किती फूट चढेल ते विचारायला लागलो, ती वाढ आजच्या पातळीत मिळवायची, म्हणजे जुन्या उच्चांकाची भिंत आडवी येत नाही. प्रत्येक वेळी तुलना एका अगदी साध्या अंदाजाशी, की गेल्या दोन दिवसांत जेवढं चढलं तेवढंच पुढच्या दोन दिवसांत चढेल. हा भाबडा अंदाज हरवता येत नसेल तर कितीही भारी नावाचं मॉडेल असू दे, मी ते फेकून देतो. माझी पहिली तीन फेकली.

एवढं सगळं करून मी काकांना सांगायला गेलो, परवा सकाळी अमुक फूट अमुक इंच. काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आरं बाळा, फूट-इंच ऱ्हाऊ दे. मूर्ती हलवायच्या का न्हाई तेवढं सांग."

त्या एका वाक्याने मला परत कामाला लावलं. कारण हलवणंपण फुकट नाही, टेम्पो, हमाली, हॉलचं भाडं, आणि ओल्या मूर्ती हलवताना बोटं, सोंडा मोडतात त्या वेगळ्या. मग आम्ही दोघं चहा घेत बसलो आणि मी त्यांना विचारत गेलो, हलवायचा खर्च एक रुपया धरला तर बुडाल्यावरचं नुकसान किती. ते म्हणाले दहा तरी धर. तर मग हिशेब सरळ आहे, पाणी शिरायची शक्यता दहात एकपेक्षा जास्त दिसली की हलवायच्या, मग दहातल्या नऊ वेळा पाणी आलं नाही तरी चालतंय. म्हणजे मला मधला अंदाज नकोच होता, वाईटात वाईट दहा टक्क्यांची रेघ पाहिजे होती. ती काढायला क्वांटरेग नावाचं पॅकेज आहे, ते सरासरीऐवजी तुम्ही म्हणाल त्या टक्क्याची रेघ बसवून देतं. ती रेघ काकांच्या उंबऱ्याच्या वर गेली की फोन करायचा. प्रशासनाने सांगितलं तर मात्र मॉडेल काय म्हणतंय ते बघत बसायचं नाही, निघायचं, हे मी त्यांना आधीच बजावून ठेवलंय.

उंबरा बंधाऱ्याच्या किती फुटांवर येतो ते काढणं सोपं गेलं. कारखान्याच्या भिंतीवर 2019 आणि 2021 च्या पाण्याच्या खुणा काकांनी रंगाने ओढून ठेवल्यात, त्या दिवशीची बंधाऱ्याची पातळी आणि ती खूण उंबऱ्याच्या किती वर यावरून उंबरा निघाला.

आता जूनपासून रोज सकाळी मी स्क्रिप्ट चालवतो आणि आकडा फोनवर सांगतो. काका तो त्या खुणांशेजारी खडूने लिहितात, दोन दिवसांनी खरी पातळी त्याच्यापुढे लिहितात, आणि फरक जास्त असला की संध्याकाळी मला बोलावून घेतात. कुठल्या मूर्ती आधी उचलायच्या याची यादीपण त्यांनी केलीय, शाडूच्या पहिल्या.