फक्कीनं आखलेलं जहाज

सुवर्णमहोत्सवाचं पत्र आलं, पाकीट फोडलं आणि आधी आठवले सर. बाकीची शाळा मागाहून आठवली.

नववीला नेपोलियन होता. सरांनी पुस्तक मिटलं, वर्ग मैदानावर नेला आणि खो-खोच्या फक्कीनं ७८ फूट लांब, जेमतेम २५ फूट रुंद जहाज आखलं. इंग्रजांचं 'स्पीडी'. तोफा १४, गोळा चार पौंडांचा. एका बाजूचे सातही गोळे कप्तान कॉक्रेनच्या कोटाच्या खिशांत मावायचे!

६ मे १८०१ ला बार्सिलोनाजवळ ३२ तोफांचं स्पॅनिश 'गामो' आडवं आलं. त्यावर ३१९ माणसं, स्पीडीवर ५४. आमचा पटही ५४. स्पीडी एवढी बुटकी, की खेटून उभी राहिल्यावर गामोचे गोळे वरून जायचे. मग कॉक्रेननं सगळ्यांना गामोवर चढवलं. सुकाणूवर उरले एकटे डॉक्टर गथ्री.

मी वर्गात सर्वांत किरकोळ. खो-खोत मला कुणी घेत नसे. सरांनी माझ्या हातात सायकलची रिंग दिली. "तू डॉक्टर. सगळे गेले तरी जहाज सोडायचं नाही." पोरं ओरडत पिंपळाच्या पारावर चढली. मी रिंग घट्ट धरून फक्कीच्या आत उभा होतो. तेवढा उंच मी त्याआधी कधीच नव्हतो.

सर जिंकण्यापाशी थांबले नाहीत. ३ जुलैला तीन मोठ्या फ्रेंच जहाजांनी स्पीडीला गाठलं. हलकं होऊन पळता यावं म्हणून तोफा समुद्रात टाकल्या. आम्ही दप्तरं रेषेबाहेर फेकली. तरी सुटका झाली नाही. फ्रेंच कप्तानानं कॉक्रेनची तलवार त्यालाच परत दिली. सरांनी मॉनिटरची लाकडी पट्टी दोन्ही हातांनी त्याला परत दिली, तेव्हा कुणी हूं की चूं केलं नाही. पुढं बोनापार्टनं १८०२ मध्ये ते जहाज पोपला देऊन टाकलं.

आज मी मालवाहू जहाजावर कॅप्टन आहे. बार्सिलोनावरून कितीदा गेलो, दर वेळी ब्रिजवर सर शेजारी असतात. ते गेले तेव्हा मी भर समुद्रात होतो. खांदा देता आला नाही, ही खंत जात नाही.

मैदानावर आता पेव्हर ब्लॉक बसलेत. फार वाईट वाटलं. पण मागच्या कुंपणालगत मातीची पट्टी अजून आहे. मी पावलांनी मोजली, ७८ फूट भरते. समारंभाच्या आदल्या दिवशी फक्की घेऊन येतोय. आमच्या तुकडीतले जे येतील त्यांनी सकाळी आठला तिथं यावं.