कर्कटकाचं करायचं काय?

भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं म्हणून भर दुपारी सेल शोधत होतो, तर ड्रॉवरच्या तळाशी जुनी कंपासपेटी निघाली. झाकण गंजलेलं, आत पेन्सिलीचा भुगा, दोन गुण्या, अर्धा खोडरबर आणि कर्कटक. कंपासचा पत्ता नाही. जे लागायचं ते हरवलं, जे कधी लागलं नाही ते ठणठणीत.

शाळेत कर्कटक खोडरबर भोसकायला. वर्षातून एकदा सर म्हणायचे, रेषाखंडाच्या टोकांवर ठेवा, तसंच उचला, पट्टीवर टेकवा. ‘मग पट्टीच रेषेवर का नाही ठेवायची?’ असं मी विचारलं, आणि तास संपेपर्यंत उभा राहिलो.

उत्तर फार उशिरा, समुद्रावर मिळालं. म्हणजे वाचनातल्या, मला साध्या होडीतही मळमळतं. मर्केटर नावाच्या नकाशाकाराने १५६९ मध्ये काढला तसल्या नकाशात ध्रुवाकडे जावं तसतसं सगळं ताणलं जातं, त्यामुळे एकच पट्टी सगळीकडे चालत नाही. खलाशी दोन ठिकाणांवर कर्कटकाची टोकं ठेवतो आणि न हलवता नकाशाच्या कडेला नेतो, तिथे त्याच पट्ट्यातल्या अक्षांशांवर मोजतो. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १८५२ मीटर. त्यांच्या एका जातीच्या कर्कटकाचे पाय वर कमानीसारखे वळून एकमेकांना ओलांडतात. कमान दाबली की टोकं फाकतात, खालचे पाय दाबले की मिटतात. सगळं एका हाताने, कारण दुसऱ्या हाताने डोलणाऱ्या जहाजात काहीतरी घट्ट धरायचं असतं. कर्कट म्हणजे खेकडा, हे मला त्या चित्रापुढे पटलं.

अरब खलाशांचं ‘कमाल’ याहून साधं. लाकडाची फळी, तिच्या मधोमध ओवलेली दोरी, दोरीला गाठी. गाठ दातात धरायची, दोरी ताणायची, फळीची खालची कड क्षितिजाला लावायची आणि वरच्या कडेवर ध्रुवतारा टेकतो का बघायचं. एकेक गाठ एकेका बंदराची. तारा टेकला की त्या बंदराचा अक्षांश आला, आता नुसतं पूर्वेला नाहीतर पश्चिमेला वळायचं. फळीवर आकडा नाही, दोरीवर नाही. घराची वाट दातात, खारट.

कर्कटकावरही आकडा नसतो की! पट्टीवर असतात, कोनमापकावर तर दोन्ही बाजूंनी. हे बिचारं अंतर किती ते न विचारता उचलतं आणि जसंच्या तसं पोचवतं. सरांना हे सांगायला हवं होतं. किंवा त्यांनी मला.

सेल सापडले नाहीत. खोडरबराला टोक टोचून पाहिलं. त्याचा पार दगड झालाय; टोक घसरलं आणि अंगठ्यात गेलं.