कुठल्या माहलरचं ऐकायचं?

मी ऑर्केस्ट्राचा लायब्ररियन आहे. हे सांगितलं की लोकांना वाटतं कपाटात जुन्या सीड्या लावत बसत असेन. खरं काम म्हणजे शंभरेक वादकांपैकी प्रत्येकाच्या स्टँडवर त्याच्या वाद्याचा पार्ट (छापील स्वरलिपी) ठेवायचा, बरोबर आवृत्तीचा, बोइंगच्या (गज कुठल्या दिशेने फिरवायचा त्याच्या) खुणा केलेला, आणि पान अशाच जागी उलटलं पाहिजे जिथे वाजवणाऱ्याचा हात मोकळा असेल. सगळं नीट झालं तर आपण आहोत हे कुणाच्या गावीही नसतं.

तर या वेळी होती संगीतकार आणि कंडक्टर गुस्ताव्ह माहलरची सहावी सिंफनी, म्हणजे ऑर्केस्ट्रासाठीची चार भागांची रचना. ऐंशी मिनिटांच्या आसपासचा कारभार, आठ हॉर्न, सहा ट्रंपेट, गायींच्या गळ्यातल्या घंटा आणि शेवटच्या भागात चक्क एक हातोडा. त्याचा आवाज कसा हवा हेही माहलरने लिहून ठेवलंय, आखूड, जोरदार पण बद्द, धातूचा अजिबात नको, कुऱ्हाडीचा घाव बसावा तसा. आमच्या पर्कशनवाल्याने त्यासाठी एक पोकळ लाकडी खोकं बनवून घेतलंय आणि त्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्याला खपत नाही.

या सिंफनीची गंमत (माझ्यासाठी डोकेदुखी) ही की मधल्या दोन भागांचा क्रमच पक्का नाही. 1906 साली स्कोअर (सगळ्या वाद्यांची एकत्र स्वरलिपी) छापला तेव्हा स्केर्झो, म्हणजे वेगवान भाग, दुसरा आणि अँडान्ते, म्हणजे संथ भाग, तिसरा होता. मग जर्मनीतल्या एसेनला पहिला प्रयोग करताना माहलरने स्वतःच उलटं केलं, अँडान्ते आधी, आणि प्रकाशकालाही तसं बदलायला लावलं. 1911 मध्ये तो गेला, वय फक्त 50. पुढे 1919 मध्ये डच कंडक्टर मेंगेलबर्गने माहलरच्या बायकोला, आल्माला विचारलं तर तिची तार आली, आधी स्केर्झो. 1963 च्या अधिकृत आवृत्तीतही संपादकाने स्केर्झोच आधी ठेवला आणि 2003 मध्ये माहलर सोसायटीने परत सांगितलं की नाही नाही, अँडान्तेच आधी. म्हणजे एका बाईच्या तारेवर आणि एका संपादकाच्या मतावर कित्येक वर्षं लोक वाजवत राहिले, असं माझं तरी मत.

आमच्याकडचे पार्ट जुन्या क्रमाचे. पाहुण्या कंडक्टरकडून आधी काहीच निरोप नव्हता, मी दोनदा विचारूनही (मोठ्या नावांच्या ऑफिसांना लायब्ररियनचा मेल दिसतच नाही बहुतेक), आणि पहिल्या तालमीच्या सकाळी साहेब सहज बोलले, "अँडान्ते आधी घेऊया. माहलर स्वतः वाजवायचा तसंच करायचं."

बोलायला काय जातंय. रिहर्सल नंबर, म्हणजे तालमीत कुठून सुरू करायचं ते सांगणारे आकडे, पूर्ण सिंफनीला सलग छापलेले असतात, त्यामुळे क्रम उलटला की आकडे आधी पुढे उडी मारतात मग मागे येतात, आणि कंडक्टर मधेच थांबून एखादा नंबर ओरडला की अर्धे लोक भलत्याच पानावर. मी आणि माझी असिस्टंट, आम्ही प्रत्येक फोल्डरमध्ये पहिला भाग संपतो तिथे, अँडान्तेच्या शेवटी आणि स्केर्झोच्या शेवटी रंगीत पट्ट्या लावल्या, पुढे कुठे जायचं ते ठळक पेन्सिलीने लिहिलं. पेन्सिलच, पेन कधीच नाही, आणि जो वादक पेनने लिहितो त्याचं तोंड मला बघायचं नसतं. तालीम वेळेवर सुरू झाली. एकाही स्टँडवर चुकीचं पान नव्हतं, हे मी अभिमानाने सांगणार.

खरा धक्का दुपारी बसला. शेवटच्या भागात हातोड्याचे दोन ठोके झाले, तशी माहलरची सुधारित आवृत्ती आहेच. साहेबांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि पर्कशनकडे बघून म्हणाले, "तिसरा कुठाय?"

तिसरा ठोका माहलरनेच काढलाय! पहिल्या छापील आवृत्तीत तीन होते, नंतर त्याने तो काढला आणि त्या जागेचं वाद्यवृंदलेखनही हलकं केलं. आल्माच्या आठवणीत हे नशिबाचे तीन घाव, तिसरा माणसाला झाडासारखा आडवा पाडणारा. 1907 मध्ये मोठी मुलगी गेली, व्हिएन्ना ऑपेरा सुटला, हृदयाचं दुखणं निघालं, म्हणून लोकांना ती गोष्ट फार आवडते, पण सिंफनी त्याच्याआधीच वाजून झाली होती.

मी मधल्या सुट्टीत जाऊन विचारलं, "सर, क्रम त्याचा शेवटचा घ्यायचा आणि ठोके पहिले, असं कसं?" ते हसले. "क्रम त्याने वाजवून ठरवला. ठोका त्याने घाबरून काढला."

मला उत्तर सुचलं नाही आणि तेच अजून डोक्यात घोळतंय. वाजवून बघून बदलणं हाच तर त्या माणसाचा खाक्या होता, पाचवी सिंफनी 1904 ला वाजली आणि तो अगदी शेवटपर्यंत तिची वाद्ययोजना दुरुस्त करत होता, बीथोव्हेनच्या नवव्या सिंफनीतही त्याने फेरफार केले म्हणून व्हिएन्नात टीका झाली. मग एक बदल शहाणपणाचा आणि दुसरा भीतीचा हे ठरवणारे आपण कोण? आणि हलक्या केलेल्या लिखाणावर जुना ठोका मारला तर ते नक्की कुठल्या आवृत्तीचं झालं, 1906 चं की नंतरचं? असं तर माहलरने कधीच लिहिलं नव्हतं.

पर्कशनवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "मला काय, आणखी एक मारायला मिळाला." हॉलमध्ये तो ठोका भयंकर परिणामकारक वाटला हेही खरं, आणि त्याचाच मला जास्त राग येतोय. तिसऱ्या ठोक्याची पेन्सिलखूण मी नंतर खोडून टाकली, क्रमाच्या पट्ट्या मात्र ठेवल्या.