पोट्टी, कुलर आणि नवतपा

मे महिन्यात आमच्या घरचा दिवस पहाटे साडेचारला सुरू होतो आणि सकाळी नऊच्या सुमाराला मिटतो. मग पडदे ओढले जातात, दारं लागतात, कुलर सुरू होतो. पुन्हा दार उघडतं ते दिवे लागल्यावर. दूध, किराणा, भाजी, बँक, माझ्या लेकीची, चिमीची लस, पाहुण्यांकडे जाणं, सगळं या दोन टोकांत बसवायचं. जे बसत नाही ते जूनच्या मध्यावर पाऊस येईपर्यंत थांबतं. नागपुरात जन्मलेल्यांना हे सांगावं लागत नाही. मी गुहागरची. लग्न होऊन आले तेव्हा दुपारी दीडला रस्त्यावर माणूस कसं नाही याचंच मला नवल वाटायचं. आता चिमी दीड वर्षाची झाली आहे आणि दुपारी बाराला बेल वाजली तर माझ्याच कपाळावर आठी पडते, कारण ती नुकतीच झोपलेली असते.

कोकणातला उन्हाळा मला ठाऊक होता. तिकडे घाम निथळतो, अंगाला कपडे चिकटतात, जीव नको होतो. त्रास दिसतो तरी. इथली हवा इतकी कोरडी की घाम आला कधी आणि उडाला कधी ते कळत नाही. चिमी धावपळ करून माझ्या मांडीत येऊन बसते तेव्हा तिचं कपाळ कोरडं असतं, केसही कोरडे. गुहागरच्या सवयीनं मला वाटायचं, म्हणजे पोर बरी आहे. आमच्या डॉक्टरबाईंनी समजावलं की मुलांचं वजन कमी आणि त्या मानानं अंगाची त्वचा जास्त, म्हणून बाहेरची हवा अंगापेक्षा गरम असली की मूल मोठ्यांपेक्षा लवकर तापतं. त्यात मोठ्यांइतका घामही त्यांना येत नाही. त्यामुळे कपाळ बघू नका, लंगोट बघा. आता घरात कुणीही बाहेरून आलं की पहिला प्रश्न तोच असतो, "दुपारपासून ओला झाला का?" लघवीचा रंग गडद दिसला की लगेच पाणी, ताक, पन्हं. पाच-सहा तास लंगोट कोरडा राहिला, रडताना डोळ्यांत पाणी आलं नाही, ओठ सुकले, पोर नेहमीपेक्षा गळून पडली, तर घरगुती उपाय बाजूला ठेवून सरळ दवाखाना.

याच कारणानं दिवसा डायपर बंद. आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, त्यांची जुनी सुती लुगडी फाडून लंगोट शिवलेत. धुऊन धुऊन ते इतके मऊ झालेत की हातात घेतले तरी बरं वाटतं. गच्चीवर टाकले की दहा मिनिटांत कडकडीत वाळतात, ही इथल्या उन्हाची मेहरबानी. घामोळ्या मानेवर आणि पाठीवर आल्याच. त्यावर पावडर थापायची नाही, असं डॉक्टरबाईंचं म्हणणं. घामाची छिद्रं बुजल्यानंच घामोळ्या येतात, वर पावडर थापली की ती आणखी बुजतात. दोन वेळा साधी अंघोळ, सैल मलमलचं झबलं आणि वारा. एवढ्यावर आठवडाभरात पाठ स्वच्छ झाली.

आम्ही वरच्या मजल्यावर राहतो, डोक्यावर थेट स्लॅब. बाहेरचं ऊन संध्याकाळी उतरतं, पण स्लॅब दिवसभर प्यायलेली आग रात्री अकरापर्यंत घरात सोडत राहतो. चिमीच्या खोलीची भिंत आठ वाजता हात लावून बघितली तर ती दुपारपेक्षा गरम लागते. यंदा मार्चमध्येच नवऱ्यानं गच्चीवर चुन्याचे दोन हात मारले आणि खरंच फरक पडला. चुना पांढरा, ऊन परतवून लावतो. सूर्य मावळला की तो पाइप घेऊन वर जातो, चिमी मागून. पाणी पडताच गच्ची चर्र करते, वाफ उठते, आणि ती त्या वाफेला "भूऽ" म्हणून हाक मारते. बाप-लेकीचा हा दिवसातला सगळ्यात आवडता वेळ आहे, त्यात मी लुडबूड करत नाही.

कुलरबद्दल मात्र मला सविस्तर लिहायचंय, कारण विदर्भात लेकरू आणि कुलर एकाच घरात असतात आणि दर उन्हाळ्यात कुलरचा शॉक लागून लहान मूल गेल्याची बातमी पेपरात येते. ती वाचून पान उलटता येत नाही. कुलरचं अंग पत्र्याचं, आत पाणी, पाण्यात पंप, आणि खाली ओल्या फरशीवर अनवाणी पोर. महावितरण दर वर्षी तेच सांगतं: तीन पिनचं प्लग, अर्थिंग तपासलेलं, पाणी भरताना बटण नुसतं बंद न करता पिन काढलेली. आम्ही हंगामाच्या सुरुवातीला इलेक्ट्रिशियन बोलावून अर्थिंग तपासून घेतलं आणि मेन बोर्डात करंट गळला की लाइन तोडणारा स्विच बसवला. त्याचा खर्च नव्या कुलरपेक्षा कितीतरी कमी आला. कुलर खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर, पुढून लाकडी जाळी. चिमीनं जाळीतून बोट घालून बघितलं, पोचत नाही म्हणून चिडली, चिडू दे.

कुलरच्या नव्या ताट्या, म्हणजे पाणी झिरपतं त्या बाजूच्या गवती पट्ट्या, एप्रिलच्या सुरुवातीला बसवल्या. वाळ्याच्या ताट्या महाग पडतात, पण पहिलं पाणी पडल्यावर त्यांचा जो वास घरभर फिरतो त्यासाठी आई दुसरं काही चालू देत नाहीत. कुलर चालतो तो इथल्या कोरड्या हवेच्या जिवावर. पाणी उडतं आणि उडताना हवेतली उष्णता घेऊन जातं. गुहागरला माझ्या बाबांनी हौसेनं कुलर घेतला होता, तो अडगळीत पडला, कारण तिकडे हवेतच पाणी. इथेही समोरची खिडकी बोटभर उघडी ठेवावी लागते, नाहीतर तासाभरात खोली चिकट होते आणि पोर चिडचिड करते. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून, घासून, कोरडी करायची. साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास वाढतो आणि त्याला कुलरच्या टाकीएवढी सोयीची जागा नाही. रिकाम्या टाकीची, बादल्यांची, टबाची आणखी एक काळजी असते. पाणी बोटभर जरी उरलं तरी ती झाकून किंवा उलटी ठेवायची, लहान मूल तेवढ्या पाण्यातही बुडतं.

चिमीला कुलरच्या घरघरीतच झोप येते. दुपारी लाइट गेली की ती आवाज थांबल्यामुळे जागी होते. उकाडा तिला नंतर जाणवतो, आधी तिला शांतता टोचते. मग आजेसासूबाई, ज्यांना आम्ही सगळे आजी म्हणतो, ओला पंचा दोरीवर टाकतात, हातपंख्यानं वारा घालत बसतात आणि तोंडानं घर्रऽऽ असा आवाज काढतात. ब्याऐंशी वर्षांची बाई कुलर होऊन बसते आणि पोर पुन्हा झोपते.

आजींनी नागपूरचे उन्हाळे आयुष्यभर काढलेत. २३ मे २०१३ ला इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता, त्या दुपारी आपण पापड लाटत होतो हे त्या आजही सांगतात. सपाटीच्या प्रदेशात ४५ च्या वर गेलं की हवामान खातं उष्णतेची लाट म्हणतं. आजींच्या लेखी ४५ म्हणजे "तपून राहिलं थोडं". त्यांच्याकडून मी पन्हं शिकले. कैरी उकडायची नाही, निखाऱ्यावर भाजायची, मग गूळ, वेलची, किंचित मीठ. चिमी वाटीभर पिते आणि वाटी उलटी करून दाखवते. ताक सकाळी, टरबूज चार वाजता बिया काढून, ज्वारीची आंबील मधूनमधून. त्या चिमीच्या पायाच्या तळव्यांना कांदा चोळतात, मी अडवत नाही. त्यानं ऊन उतरतं असं मला वाटत नाही, पण पाय चोळून घेताना पोर शांत पडून राहते आणि वाटीभर ताकही पिते, एवढं पुरे.

एक गोष्ट मात्र मी दुकानात जाऊन स्वतः निवडते, ती म्हणजे ओआरएस, पाण्यात घालून द्यायची मीठ-साखरेची पूड. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलेलं असायला हवं, मोठं पाकीट पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, आणि चोवीस तासांनी उरलेलं फेकायचं. अर्धं पाकीट ग्लासभर पाण्यात घातलं तर मीठ जास्त होतं आणि ते लहान मुलाला बाधतं. डब्यातली गोड पेयं ओआरएस या नावानं वर्षानुवर्षं विकली गेली. अखेर २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं सूत्रात न बसणाऱ्या पेयांच्या नावात ही अक्षरं वापरायला बंदी केली. हैदराबादच्या एक बालरोगतज्ज्ञ त्यासाठी कित्येक वर्षं लढत होत्या. माझ्यासारख्या आयांनी त्यांचे आभारच मानायला हवेत.

गेल्या महिन्यात कुरड्या झाल्या. गहू तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, वाटून, कोंडा काढून, चीक रात्रभर निवू दिला. पहाटे चारला आईंनी मोठं पातेलं चढवलं. चिमी आवाजानं उठली आणि डोळे चोळत स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसली. चीक शिजत आला की त्यावर काचेसारखी चमक येते, पळी जड होते, आणि मग सगळ्यांचे हात भरभर चालायला लागतात, कारण गार झाला तर सोऱ्यातून उतरत नाही. त्या घाईत आजींनी वाटीत दोन चमचे चीक काढला, वर तूप आणि साखर, फुंकर घालून घालून तिच्या पुढ्यात ठेवला. तिनं पहिला घास बोटानं घेतला. चीक ताणला गेला, तिचा हात वर गेला तरी तो वाटीला सोडेना. ती हात आणखी वर नेत राहिली, शेवटी उभी राहिली, चवड्यांवर गेली, तेव्हा कुठे तो तुटला आणि तिच्या हनुवटीवर लोंबला. आईंचा सोऱ्या थांबला. इतकं हसलो आम्ही की दोन कुरड्या वाकड्या पडल्या. गच्चीवर जुन्या साडीवर घातलेल्या त्या ओळींच्या कडेनं ती सूर्य वर येईपर्यंत फिरत होती, वाकड्या दोन तिनं बरोबर हेरून खाल्ल्या. साडेसातला फरशी तापायला लागली तशा आजी खालून ओरडल्या, "काय करून राहिली ती पोट्टी उन्हात? आणा खाली!"

संध्याकाळी बागेत नेतो, पण सातच्या आत नाही. पत्र्याची घसरगुंडी सूर्य गेल्यावरही बराच वेळ तापलेली असते. आधी हाताची पालथी बाजू टेकवायची, मग पोर बसवायची. गाडीच्या सीटचा बक्कलही तसाच. आणि गाडी सावलीत असो, काचा खाली असोत, "एका मिनिटात येतो" असो, मुलाला आत ठेवून कुणी उतरायचं नाही, हा घरातला एकमेव नियम आहे ज्यावर चर्चा होत नाही.

आता २५ मेला नवतपा लागतोय. सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला की नऊ दिवस सगळ्यात जास्त तापतात असं इथे मानतात आणि नेमकी त्याच आठवड्यात माझी ननंद पुण्याहून माहेरी येतेय, पाच महिन्यांच्या बाळाला घेऊन. तिच्या बाळावरून घरात दोन दिवस वाद चालू आहे. आजींचं म्हणणं, एवढ्या उन्हात बाळाला चमच्यानं पाणी पाजलंच पाहिजे. डॉक्टरांचं म्हणणं, सहा महिन्यांच्या आत फक्त अंगावरचं दूध, कितीही ऊन असलं तरी वरचं पाणी नको, दुधातच पाणी असतं. वरच्या पाण्यानं पोट भरतं, दूध कमी जातं आणि जुलाबाची भीती वाढते. मी डॉक्टरांच्या बाजूची आहे. आजी दुखावल्या. मग आईंनीच मार्ग काढला. "बाळाला नाही, तर बाळाच्या आईला पाजा," त्या म्हणाल्या. आजींना ते पटलं. आता ननंदेसाठी दिवसभरात किती ताक, किती पन्हं, किती आंबील, हे त्यांचं ठरवून झालंय आणि कैऱ्या कालच आल्यात.

रात्री फोन केला तेव्हा ननंद विचारत होती, "वहिनी, काय काय आणू?"

"डायपर कमी आण, लंगोट इथे आहेत. गाडी रात्रीची घे, सकाळी लवकर पोचणारी. दुपारी उतरणारी स्वस्त मिळाली तरी नको. बाळाला टोपी नको, सैल झबलं घाल. आणि तू प्रवासात पाणी पीत राहा, गाडीत बाथरूमला जावं लागेल म्हणून टाळू नकोस."

"आणि आजी?"

"आजी तुझ्या खोलीच्या कुलरला नव्या ताट्या लावून घेऊन राहिल्या. उद्या इलेक्ट्रिशियन येतोय, त्या खोलीचंही अर्थिंग बघायला."