तुम्ही विचारलंत म्हणून: दमून घरी आल्यावर इटालियन करायचं सुचतं कसं?

ऑफिसात डबा खाताना, बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये, नातेवाइकांच्या ग्रुपवर, सगळीकडे हा एक प्रश्न ठरलेला. 'दिवसभर राबून घरी गेल्यावर इटालियन करायचा उत्साह येतो कुठून रे तुला?' विचारणाऱ्याच्या डोळ्यापुढे बहुतेक तीन रंगांच्या सिमला मिरच्या, मक्याचे दाणे, पातेलंभर व्हाइट सॉस, वर चीजचा डोंगर आणि सिंकमध्ये भांड्यांचा ढीग असतो. तसं असतं तर मीही नसतं केलं.

खरं उत्तर असं की उत्साह नसतो म्हणूनच करतो. पोळ्या म्हटलं की कणीक मळा, ती मुरू द्या, लाटा, भाजा, शिवाय भाजी, वरण, कुकर, कोशिंबीर, आणि एवढं करून शेवटी ओटा पुसा. आपला साधा म्हणून जो स्वयंपाक आपण म्हणतो तो अजिबात साधा नसतो, फक्त आयांनी आणि बायकांनी वर्षानुवर्षं न बोलता केल्यामुळे तो साधा वाटतो. त्याच्यापुढे लसूण, तेल आणि स्पॅगेटी म्हणजे विश्रांती आहे हो. इटलीत तर मध्यरात्रीची स्पॅगेटी हा प्रकारच आहे, मित्रमंडळी उशिरा घरी परतली, भूक लागलीय आणि घरात काही नाही, की कुणीतरी पाणी उकळत ठेवतं. त्यावेळी बहुतेक जे होतं ते आल्यो ए ओल्यो, म्हणजे लसूण आणि तेल, बस. नेपल्सकडचा प्रकार. मी तोच सगळ्यात जास्त वेळा करतो, म्हणून तोच नीट सांगतो.

पाणी भरपूर, उकळी आली की मीठ. तिकडचं गणित सोपं आहे, १०० ग्रॅम पास्त्याला १ लिटर पाणी आणि १० ग्रॅम मीठ. मी पाणी जरा कमीच घेतो कारण मग ते जास्त पिठूळ होतं आणि तेच पाणी पुढे कामाला येणार असतं. त्यात तेल घालायचं नाही, कुणीही काहीही सांगो. पास्ता उकळतोय तोवर शेजारच्या गॅसवर पॅनमध्ये गार तेल आणि त्यातच लसणाच्या पातळ चकत्या, मग गॅस लावायचा, तोही अगदी बारीक. आपल्या हाताला सवय असते तेल कडकडीत तापवून मोहरी तडतडवायची, इथे तो हात आवरायचा. लसणाभोवती बारीक बुडबुडे यायला लागतात, मग वास सुटतो, मग चकत्यांच्या कडा फिक्कट सोनेरी दिसायला लागतात, आणि इथे थांबायचं, कारण तेल गरम असतं आणि लसूण गॅस बंद केल्यावरही रंग धरत राहतो, तपकिरी झाला की कडू झालाच म्हणून समजा. त्याच क्षणी एक लाल सुकी मिरची चुरडून आणि पास्त्याचं पळीभर पाणी. चर्र आवाज होतो आणि लसूण तिथल्या तिथे शांत होतो. पाकिटावर जी वेळ लिहिलेली असते तिच्या दोनेक मिनिटं आधी स्पॅगेटी काढून थेट पॅनमध्ये, गॅस मोठा, आणि हलवत राहायचं. सुरुवातीला तेल वेगळं, पाणी वेगळं, सगळं विस्कळीत दिसतं. मग त्या पाण्यातल्या स्टार्चमुळे दोन्ही एक होतात आणि प्रत्येक धाग्यावर एक तकतकीत, किंचित दाट थर येतो. क्रीम नाही, बटर नाही, मैदा नाही. मला विचाराल तर सगळी मजा या अर्ध्या मिनिटात आहे, आणि ती हॉटेलात मिळत नाही कारण टेबलापर्यंत येईतो तो थर गोठून जातो.

आणि हो, शिजलेला पास्ता गार पाण्याखाली धुवायचा नाही! आपल्याकडे ही सवय कुठून आली देव जाणे, सगळा स्टार्च मोरीत जातो आणि मग लोक तक्रार करतात की सॉस चिकटतच नाही.

पास्त्याचं पाकीट मात्र उलटं करून वाचा. ड्युरम गव्हाचा रवा एवढंच लिहिलेलं हवं, मैदा दिसला की ठेवून द्या. इटलीत वाळवलेला पास्ता ड्युरमच्या रव्याचाच हवा असा १९६७ पासून कायदाच आहे, आणि हा ड्युरम आपल्याला परकाही नाही, बन्सी रवा ज्या गव्हाचा असतो तो बन्सी म्हणजे ड्युरमच. त्यात मैद्यासारखा लगदा होत नाही, दाताखाली थोडा राहतो. मिळालं तर खडबडीत, पांढुरका, पीठ भुरभुरल्यासारखा दिसणारा पास्ता घ्यावा, तो ब्राँझच्या साच्यातून काढलेला असतो आणि सॉस धरून ठेवतो. चकचकीत पिवळा असतो त्यावरून सॉस घसरतो. नेपल्सजवळच्या ग्रान्यानो गावचा पास्ता याच कारणाने नावाजलेला आहे, पण तो महाग पडतो, रोज कशाला.

पैसे घालायचेच तर तेलात घाला. आपल्याकडे ऑलिव्ह ऑइल म्हणून जे मोठमोठे डबे स्वस्तात दिसतात त्यातलं बरंचसं पोमेस असतं, म्हणजे तेल काढून झाल्यावर उरलेल्या चोथ्यातून सॉल्व्हंटने पुन्हा काढलेलं आणि रिफाइन केलेलं. वाईट नाही, पण चव काहीच नाही, आणि जिथे पदार्थच लसूण आणि तेल आहे तिथे चव नसलेलं तेल म्हणजे मग काय खाल्लं? एक्स्ट्रा व्हर्जिनची लहान बाटली आणायची, जपून वापरायची, तळायला आपलं शेंगदाण्याचं आहेच.

दुसरा माझा आवडता म्हणजे साधा टोमॅटो. नारायणगावकडचे टोमॅटो पुण्यात ढिगाने येतात, भाव पडला की तर विचारूच नका. आपला टोमॅटो रसाळ आणि आंबट, तिकडचा सॉसचा सान मार्झानो लांबट, गराचा, बियांनी कमी. म्हणून आपला टोमॅटो अर्धा कापून मी किसणीवर किसतो, साल हातात राहतं, उकळा, सोला वगैरे भानगडच नाही. तेलात एक लसूण पाकळी ठेचून, त्यात हा कीस, मीठ, आणि पाणी आटून तेल कडेला दिसेपर्यंत. कांदा नाही. तिकडे बऱ्याच घरांत कांदा तरी नाहीतर लसूण तरी, एकाच सॉसमध्ये दोन्ही सहसा नसतात. आपल्या कांदालसूण मसाल्याच्या मुलखात हे पचनी पडायला वेळ लागतो.

शेवटी बेझिलची दोन पानं. इथे पुढचा ठरलेला प्रश्न, 'तुळस नाही का चालत?' नाही चालत. तुळशीला लवंगेसारखा उग्र वास असतो आणि शिवाय वृंदावनातली पानं खुडून सॉसात टाकली तर आई मला घराबाहेर काढेल. पण वाण्याकडे फालुद्यासाठी सब्जा मिळतो ना, ते बेझिलच्याच जातीचं बी. कुंडीत टाका, उगवतं. नर्सरीतल्या रोपाइतका गोड वास येईलच असं नाही, पण काम भागतं. आणि पिझ्झाबरोबर येणाऱ्या ओरेगॅनोच्या पुड्या ड्रॉवरमध्येच राहू द्या. ओरेगॅनो तिकडे आहे, दक्षिणेत तर चांगलाच आहे, पण सगळ्यावर भुरभुरायचा नसतो.

आता चीज. आमच्या घरी आई पक्की शाकाहारी, आणि अस्सल पार्मिजानो म्हणजे दूध, मीठ आणि दूध गोठवायला वासराच्या पोटातलं रेनेट, त्याच्या नियमातच ते आहे. आपल्याकडे मायक्रोबियल, म्हणजे सूक्ष्मजीवांपासून केलेल्या रेनेटची चीज बनतात, हिरवा ठिपका बघून घेता येतात, पण मला त्याहून भारी सापडलं ते इटलीच्या दक्षिणेकडच्या सिसिली बेटावरचं. तिथल्या गरीब घरांत चीज परवडत नसे, मग शिळ्या पावाचा चुरा तेलात भाजून पास्त्यावर घालायचे. अजूनही घालतात, आणि १९ मार्चला सेंट जोसेफच्या सणाला तर मुद्दाम, कारण जोसेफ सुतार, आणि हा चुरा म्हणजे त्याच्या कामाचा भुसा! आमच्याकडे लादीपाव उरतोच. तो तव्यावर कडक करायचा, हाताने चुरायचा, आणि ऑलिव्ह तेलात लसणाच्या पाकळीबरोबर तांबूस होईपर्यंत सतत हलवत भाजायचा. मऊ स्पॅगेटीवर तो कुरकुरीत चुरा पडला की चीजची आठवण येत नाही. सुरुवातीला आई विचारायची, 'अरे, याला फोडणी कधी घालणार?' आता चुऱ्याची वाटी आधी स्वतःकडे ओढते. भात मात्र तिला नंतर लागतो, मूठभर का होईना, त्याशिवाय जेवण झाल्यासारखं वाटत नाही म्हणते. मी वाद घालत नाही, इटलीतही पास्ता म्हणजे पहिला वाढप, माणशी ८० ते १०० ग्रॅम, त्यानंतर पुढचं जेवण असतंच.

पण आईला मनापासून आवडलेला पदार्थ वेगळाच. सिसिलीतल्या पालेर्मो शहरात रस्त्यावर मिळतं ते पानेल्ले. बेसन एक भाग, पाणी साधारण तिप्पट, मीठ, गुठळी होऊ न देता मंद गॅसवर घोटायचं, पातेल्याच्या कडा सोडायला लागलं की पार्सली घालून थापायचं, गार झालं की कापून तळायचं आणि पावात घालून लिंबू पिळून खायचं. म्हणजे आपली पाटवडीच की, फोडणी न दिलेली, आणि वडापावच्या वेशात! मी ते थापत होतो तेव्हा आई मागून आली आणि उलथनंच हातातून काढून घेतलं, 'तू राहू दे, हे मला येतं.' ओलं खोबरं घालायला निघाली होती, तेवढं थांबवलं. पार्सलीऐवजी कोथिंबीर गेली, ती जाऊ दिली.

खपली गव्हाचंही तसंच. तिकडे तोस्कानातल्या गार्फान्याना भागात फार्रो म्हणून जो गहू पिकतो तो हाच, आणि ते त्याचं घेवड्याच्या दाण्यांबरोबर सूप करतात. मी चित्रा राजमा आणि खपली दोन्ही रात्री भिजवून कुकरला लावतो, वरून कच्चं ऑलिव्ह तेल. थंडीत छान लागतं. आमच्या मुलीला मात्र नाही आवडत, तिला खपलीची खीरच हवी असते.

राहिला पिझ्झा, कारण तोही विचारता तुम्ही. नेपल्सची भट्टी साडेचारशे डिग्रीच्या आसपास असते, पिझ्झा मिनिट-दीड मिनिटात भाजून निघतो, आपला घरचा ओटीजी अडीचशेला दमतो. त्यात होतं ते टोस्टच, आणि टोस्टच करायचा तर मग ब्रेड खरपूस भाजून त्यावर कच्ची लसूण पाकळी घासायची, किसलेला टोमॅटो, मीठ, तेल, झाला ब्रुस्केत्ता. पिझ्झा आम्ही बाहेर खातो. आणि लझान्या म्हणाल तर तिथे व्हाइट सॉस असतो हं, खरोखरच असतो, बोलोन्याकडे बेशामेल आणि तासन्‌तास शिजवलेला रागू, म्हणजे खिम्याचा सॉस, असं थरावर थर लावतात. पण ते दिवसभराचं काम आहे, दमून आलेल्या माणसाने त्या वाटेला जाऊ नये, सरळ मुगाची खिचडी टाकावी.