घटप्रभेत बार्ज चालणार म्हणतात, पण माल चढवणार कसा?

आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अधूनमधून एक पोस्ट फिरतीय की आमच्या बेळगावकडच्या घटप्रभा, मलप्रभा या नद्या नॅशनल वॉटरवे झाल्यात, आता गोकाक-सौंदत्तीकडची साखर बार्जनं (सपाट बुडाच्या मालवाहू बोटीनं) जाणार. यादीत नावं आहेत हे खरंच, 2016 च्या कायद्यात जे 111 जलमार्ग जाहीर झाले त्यात या दोन्ही नद्या आहेत. पण बार्ज पाण्यात सोडली की माल पोचला असं होत नाही, खरी दगदग चढवायला-उतरवायला असतीय आणि त्यावर कुणी बोलतच नाही.

माझा मामेभाऊ, आम्ही अण्णा म्हणतो त्याला, गोव्यात आधी बार्जवर होता मग फ्लोटिंग म्हणजे तरंगत्या क्रेनवर गेला, म्हणून मला यातलं थोडं कळतंय. तिथं खाणीचं लोहखनिज मांडवी नाहीतर जुवारीनं बार्जमधनं खाली येतं, एका बार्जमध्ये साधारण 2000 टन. (मांडवी म्हणजे आमच्या खानापूरच्या जंगलातनं निघणारी म्हादईच की.) आणि न्यायला येणारं जहाज 70 हजार टनाचं, ते भरलं की त्याचं बूड 13-14 मीटर पाण्याखाली जातं, नदीत येणारच नाही. म्हणून ते मुरगाव बंदराच्या बाहेर अँकर टाकून थांबतं. असल्या बऱ्याच जहाजांवर स्वतःची क्रेन नसती, मग रुंद सपाट पोंटूनवर (तरंगत्या तराफ्यावर) बसवलेली क्रेनच जहाजाला जाऊन चिकटती, दुसऱ्या बाजूला बार्ज लागती आणि ग्रॅबनं (क्रेनच्या लोखंडी पंजानं) माल उचलून जहाजाच्या हॅचमध्ये, म्हणजे माल भरायच्या कप्प्यात. एक जहाज भरायला 35 एक बार्ज लागतात!

अण्णा म्हणतो, "जमिनीवरची क्रेन जाग्यावर असती रे भावा, इथं जहाज हलतंय, बार्ज हलतीय आणि आपण बसलोय तेपण हलतंय." बार्ज रिकामी होईल तशी वर येती, जहाज भरेल तसं खाली जातं, बूम म्हणजे क्रेनचा हात फिरला की पोंटून त्या अंगाला कलतो म्हणून तोल राखायच्या बॅलास्ट टाक्यातलं पाणी सांभाळायचं. एकच हॅच भरत बसलं तर जहाजाच्या सांगाड्यावर ताण येतो, म्हणून फिरवून फिरवून भरायचं. बार्जच्या तळाला राहिलेला माल ग्रॅबला सापडत नाही, तिथं छोटा लोडर क्रेननंच खाली उतरवतात. ही कामं करणाऱ्या माणसांबद्दल मला मनापासून आदर आहे.

पावसाळ्यात मात्र समुद्र उसळला की उघड्यावर क्रेन लावता येत नाही. मांडवीच्या तोंडावर आग्वादचा वाळूचा पट्टा आहे, त्या दिवसात तिथनं बार्ज निघत नाहीत, कुंभारजुवेच्या कालव्यातनं जुवारीत यायचं. बंगालात हुगळीकडं याच्या उलटं, मुख उथळ म्हणून मोठं जहाज समुद्रातच थांबवून कोळसा बार्जमध्ये उतरवायचा, 2013 पासून काही वर्षं फरक्क्याच्या वीज केंद्राला असा कोळसा गेला.

म्हणजे पाणी खोल आहे पण धक्का जवळ नाही, तिथं ही क्रेन सोन्यासारखी. आमच्याकडं काठ भरपूर, पाणीच नाही. वर घटप्रभेवर हिडकल आणि मलप्रभेवर नविलुतीर्थ अशी धरणं, मधेमधे बंधारे, उन्हाळ्यात पात्रात दगड दिसतात, तिथं बार्जच तरंगणार नाही मग क्रेनचा पोंटून कुठला. गोकाकच्या वरच्या अंगाला तर प्रश्नच नाही, धबधबाच 52 मीटरचा आहे. आणि साखर पोत्यात असली तर ग्रॅब चालत नाही, स्लिंग म्हणजे दोराचा पट्टा लावून उचलायची, एक सर आली की हॅच झाकून बसायचं.

उद्या कुणी सर्व्हेला आलं तर त्यांना मे महिन्यात बोलवा, गोकाकजवळच्या लोळसूरच्या पुलावर उभं करा आणि मग विचारा किती महिने किती पाणी धरणार. त्याचं उत्तर मिळालं तर पुढचं बोलू, तोवर आमच्या मालाला लोंढ्यावरनं मुरगावला जाणारी रेल्वेच बरी.