बुडबुड्यांनी नेलेलं टोल्युइन

पाण्यातलं कीटकनाशक टोल्युइनमध्ये ओढून मोजायची आमची एक पद्धत आहे. गढूळ पाण्याच्या नमुन्यात आम्हीच घातलेल्या क्लोरपायरिफॉस या कीटकनाशकाची रिकव्हरी, म्हणजे घातलेल्यापैकी परत मोजलेलं प्रमाण, १२८ टक्के आली. घातलं त्याहून जास्त. सहकाऱ्यांनी लगेच पिपेटवर ठपका ठेवला. रिकव्हरी ७० आली असती तर अख्खी पद्धत तपासली असती. जास्त आली की ‘स्पाइक चुकला’, म्हणजे मुद्दाम घातलेली मात्राच चुकली, म्हणून प्रकरण मिटतं. ही सवय वाईट आहे.

२५ मिलिलिटर पाण्यात ५ टक्के मीठ, मग १ मिलिलिटर ॲसिटोनमध्ये मिसळलेलं ८० मायक्रोलिटर टोल्युइन सिरिंजने जोरात सोडायचं. पाणी दुधाळ होतं, कीटकनाशक टोल्युइनच्या सूक्ष्म थेंबांत जातं. हे थेंब वर आणायला सेंट्रिफ्यूज नको. अरुंद मानेच्या नळकांड्यात तळाच्या सच्छिद्र काचेच्या चकतीतून मिनिटाला २० मिलिलिटर नायट्रोजन वायू पुरतो. नायट्रोजन आधी सुरू करायचा, पाणी नंतर ओतायचं. उलट केलं तर पाणी चकतीत उतरतं आणि बुडबुडे एकाच कोपऱ्यातून मोठाले येतात. ते थेंब उचलत नाहीत, नुसतं घुसळतात. मिठाचा इथे उपयोग होतो: खाऱ्या पाण्यात बुडबुडे एकमेकांत मिसळत नाहीत, बारीक राहतात. निवळल्यावर नायट्रोजन बंद करून बाजूच्या नळीतून डिस्टिल्ड वॉटर घालायचं, म्हणजे टोल्युइनचा थर अरुंद मानेत चढतो आणि सिरिंजने उचलता येतो.

कॅलिब्रेशनचं, म्हणजे तुलनेसाठी कीटकनाशकाची माहीत मात्रा घातलेलं, स्वच्छ पाणी दीड मिनिटात निवळलं होतं. या नमुन्याला ६ मिनिटं लागली, कारण ह्युमिक द्रव्यं (कुजलेल्या पालापाचोळ्यातून आलेली) आणि मातीचे कण थेंबांवर कवच धरतात, बुडबुड्याला चिकटू देत नाहीत.

पिपेट वजनाने तपासलं, बिनचूक निघालं. मग उचललेला थर मोजला. कॅलिब्रेशनमध्ये ५९ मायक्रोलिटर, इथे ४६. भागाकार १.२८.

हिशेबही जुळतो. २५ अंश सेल्सिअसला टोल्युइनच्या वाफेने संपृक्त झालेला १ लिटर नायट्रोजन सुमारे १४० मिलिग्रॅम टोल्युइन नेतो. ६ मिनिटांत १२० मिलिलिटर, म्हणजे जास्तीत जास्त १७ मिलिग्रॅम, जवळपास १९ मायक्रोलिटर. दीड मिनिटात त्याचा पाव हिस्सा. क्लोरपायरिफॉस उडत नाही, उरलेल्या टोल्युइनमध्ये दाट होत जातं.

टोल्युइन बुडबुड्याला नुसतं चिकटत नाही, त्याच्यावर पातळ साय होऊन पसरतं. त्यामुळेच ही पद्धत चालते. आणि एवढ्या पातळ थरातून वाफ होणारच, हे आम्ही आधी ओळखायला हवं होतं.

आता ट्रायफिनाइल फॉस्फेट हे इंटर्नल स्टँडर्ड, म्हणजे तुलनेसाठी ठरावीक मात्रेत घालायचा पदार्थ, सुरुवातीलाच टोल्युइनमध्ये घालतो. थर आटला तरी गॅस क्रोमॅटोग्राफ या घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राच्या आलेखावर दोघांचे ‘पीक’, म्हणजे उंचवटे, सारख्याच प्रमाणात वाढतात. नायट्रोजनही आधी टोल्युइनच्या बाटलीतून नेतो. बाटली आणि नळकांडं एकाच तापमानाला हवं, बाटली जास्त गरम असली तर वाफ चकतीत द्रव होऊन साचते. टोल्युइनऐवजी १-ऑक्टॅनॉल वापरलं तर ते एवढं उडत नाही, पण गॅस क्रोमॅटोग्राफवर त्याचं रुंद पीक शेजारच्या पीकना झाकतं.

डोक्यातून जात नाहीत ते आधीचे गढूळ नमुने. त्यांची रिकव्हरी ९८, १०१ अशी छान आली होती. मातीने वीसएक टक्के क्लोरपायरिफॉस धरून ठेवलं असेल आणि टोल्युइन आटल्याने तेवढीच भर पडली असेल, तर आकडा असाच दिसतो. नोंदवहीत बुडबुड्यांची वेळ नाही. प्रत्येक नमुन्यापुढे ‘निवळेपर्यंत’ एवढंच लिहिलं आहे.